अनुकूल, प्रतिकूल आणि प्रवासखर्च

आमच्या कॉलेजात समित्यांचं वाटप जूनमध्ये होतं, आणि ते लग्नातल्या आहेरासारखं असतं. काय मिळालं ते घरी जाऊन बघायचं, आणि पसंत नसलं तरी परत करायचं नाही. गेल्या जूनमध्ये माझ्या पदरात दोन आहेर पडले. वादविवाद मंडळ तर जुनंच होतं. वीस वर्षं मीच ते सांभाळतोय आणि ते कुणी मागतही नाही. दुसरा होता उद्योजकता कक्ष. तो कॉमर्सच्या मॅडमकडं असायचा, पण त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मी प्राचार्यांना म्हटलं, "सर, मी मराठी शिकवतो. नफ्यातोट्याशी माझा संबंध वाक्प्रचारापुरता." सरांनी मान वर न करता सही केली आणि म्हणाले, "दोन्हीकडं बोलायचंच असतंय की हो."

मी स्टाफरूममध्ये येऊन न्यायमूर्ती रानड्यांची आठवण काढली. अडचणीत सापडलेल्या मराठीच्या प्राध्यापकाला एकोणिसाव्या शतकात शिरण्याची सवय असते. रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि १८९० साली तिथंच औद्योगिक परिषदही भरवली. म्हणजे वक्तृत्व आणि उद्योग ही दोन्ही खाती एकाच माणसाकडं असण्याला चांगली परंपरा आहे. फक्त रानड्यांना या दोन्हींचा नॅकसाठी अहवाल भरायचा नव्हता.

प्राचार्यांचं ते वाक्य मला तेव्हा वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटलं. वर्ष संपल्यावर कळलं की ते अर्धं बरोबर होतं. बोलायचं एकीकडंच होतं, आणि ते वादविवाद मंडळात नव्हतं.

मंडळात मुलं सात. बोलणारी दोन, घंटा वाजवणारी एक, आणि बाकीची चार 'मंडळाच्या कामात होतो' असं सांगून तासाला दांडी मारण्यापुरती. बाहेरच्या माणसाला वाटतं, वादविवाद म्हणजे दोघं समोरासमोर भांडत असणार. आपल्याकडच्या स्पर्धांत तसं काही होत नाही. एका कॉलेजचा मुलगा येतो, अनुकूल बोलतो, नमस्कार करून उतरतो. मग दुसऱ्या कॉलेजची मुलगी येते, प्रतिकूल बोलते, उतरते. आधीचा काय म्हणाला हे तिनं ऐकलेलंच नसतं, कारण ती खिडकीशी उभी राहून स्वतःचं भाषण पुटपुटत असते. फलाटावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन एसटींसारखी ही भाषणं. एकीची पाटी दुसरीनं वाचायचं कारण नाही. चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, पाचव्याला शेवटची, मग टाळ्या आणि पुढचा.

विषयांचं म्हणाल तर मी विद्यार्थी असताना 'दूरदर्शन : शाप की वरदान' होतं. मग संगणक आला, मग मोबाईल, हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता. शाप आणि वरदान आपापल्या जागी खुंटा मारून बसलेत, डावीकडचा शब्द तेवढा बदलतो. माझ्याकडं दूरदर्शनवरचं एक जुनं अनुकूल भाषण होतं. त्यात 'पडदा' हा शब्द तसाच ठेवून तीन पिढ्यांनी बक्षिसं घेतली.

आता वकील. हे त्याचं नाव नव्हे, पण प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्याला वकीलच म्हणतात. बी. ए. दुसरं वर्ष, मिरजेच्या पुढं खेडं, घरी दीड एकर रान आणि दोन म्हशी. कायद्याच्या वाऱ्यालाही तो उभा राहिलेला नाही. आवाज मात्र असा, की माईक बंद पडला तरी त्याचं भाषण मागच्या रांगेला पोचतं आणि पुढच्या रांगेला दचकवतं. बोलताना उजवा हात कोपरातून वर जातो, एक क्षण तिथं थांबतो आणि वाक्याच्या क्रियापदावर खाली येतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं याचा इतका व्यावहारिक उपयोग मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेला नाही.

त्याची वही मी पहिल्यांदा पाहिली ती सप्टेंबरात. प्रवासखर्चाच्या मंजुरीसाठी सही घ्यायला आला होता. दोनशे पानी लांब वही, पट्टीनं आखलेले रकाने : तारीख, गाव, विषय, परीक्षक, जाणं, येणं, जेवण, बक्षीस, शिल्लक. मी पान उलटलं. एका गावापुढं लिहिलं होतं, 'पहिलं ५०००, मुक्काम नाही, शेवटची गाडी साडेसातला, निकाल आठला.' त्यावर फुली. खालच्या ओळीत, 'पहिलं ३०००, एकेरी प्रवासखर्च देतात, दोन वेळचं जेवण, रात्री गाद्या.' त्यापुढं बरोबरची खूण.

"अरे, पाच हजार सोडून तीन हजाराच्या मागं?"

"सर, निकाल आठला लागणार आणि गाडी साडेसातला सुटणार. बक्षीस घ्यायला थांबायचं म्हणजे लॉज आला. लॉजवर जेवण आलं. पाचातनं हे वजा करा. आणि तिथं पुण्याची पोरं येत्यात, म्हणजे पहिला येणारच असं धरता येत नाही. इकडं तीन हजार गाठीला."

मी सही केली. मला पुढं विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याच वहीच्या शेवटच्या पानांत मालाचा साठा होता. सुरुवाती चार, शेवट पाच. सुरुवातींची नावं अशी : 'आई', 'सैनिक', 'शेतकरी', 'शेर'. शेवटांत 'पणती', 'तिरंगा', 'ज्ञानेश्वर', 'कुसुमाग्रज' आणि 'शांत'. 'शांत' म्हणजे काय, तर शेवटचं वाक्य अर्ध्यावर सोडून दोन सेकंद गप्प राहायचं आणि मग धन्यवाद म्हणायचं. हे वर्षातून दोनदाच वापरायचं, अशी समासात सूचना होती. मधला भाग विषयाप्रमाणे. तो म्हणे प्रवासातच तयार होतो. कवठेमहांकाळ येईपर्यंत मुद्दे आणि जत येईपर्यंत उदाहरणं.

पण सगळ्यात दाट भरलेला रकाना परीक्षकांचा होता. निवृत्त मुख्याध्यापक असतील तर संत. वकील असतील तर संविधान, कलमाच्या नंबरासकट. लेखक असेल तर कविता, पण त्याची स्वतःची नको, ओशाळतो. पत्रकार असेल तर ताजी बातमी, आणि बाई परीक्षक असतील तर 'आई' वापरू नये, त्यांनी सकाळपासून अकरा आया ऐकलेल्या असतात. हा शेवटचा मुद्दा मी स्वतः वीस वर्षं परीक्षक म्हणून बसूनही मला कधी सुचला नव्हता.

एकच गोष्ट वकील जिवावर उदार होऊन टाळायचा, ती म्हणजे फिरता करंडक. सांघिक पहिला नंबर आला की कॉलेजं पेढे वाटतात. याचा चेहरा पडायचा. "सर, करंडक आपला नसतोयच. वर्षभर सांभाळायचा, पितांबरीनं घासायचा, आणि पुढच्या वर्षी आपल्या खर्चानं परत न्यायचा. गेल्या साली लातूरवरनं आणताना कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं." तो करंडक अजून माझ्या कपाटात आहे. हस्तिदंती रंगाच्या पायावर पितळी पाकळ्या, त्यावर १९८० नंतरच्या विजेत्यांची नावं. नव्या नावाला जागा नाही म्हणून गेल्या वर्षीचं आमचं नाव पायाच्या खालच्या बाजूला कोरलंय. वाचायचं असेल तर करंडक उलटा करावा लागतो.

एकदा मी हौसेनं त्याला आणि त्याच्या जोडीदारणीला पुण्याला इंग्रजी पद्धतीच्या संसदीय वादविवादाला पाठवलं. तिकडचं सगळंच वेगळं. चार संघ एकाच वेळी समोरासमोर, दोन सरकारचे, दोन विरोधी. विषय कळल्यावर तयारीला पंधरा मिनिटं. भाषण सात मिनिटांचं, आणि मधेच समोरचा उठून एक हात पुढं करून प्रश्न विचारू शकतो. वकिलानं आयुष्यात पहिल्यांदा भाषण चालू असताना दुसऱ्या माणसाला उभं राहिलेलं पाहिलं. तो शांत झाला आणि म्हणाला, "तुम्ही आधी बोलून घ्या, मी थांबतो." त्याच्या हिशेबानं तो सभ्यपणा होता. तिकडं त्याचे गुण गेले. परत आल्यावर मी वही बघितली. पुण्यापुढं लिहिलं होतं : 'प्रवेश फी संघामागं, जेवण विकत, चहा नाही, प्रवासखर्च नाही, बक्षीस प्रमाणपत्र. धंदा तोट्याचा.'

मी त्या दिवशी जरा चिडून विचारलं, "पैशाचं राहू दे. पण तू कधी शाप म्हणतोस, कधी वरदान. तुला स्वतःला काय वाटतं?"

"ते चिठ्ठी काढल्यावर ठरतंय सर."

मी त्याला ऑक्सफर्ड युनियनची गोष्ट सांगितली. तिथल्या वादसभेत ९ फेब्रुवारी १९३३ ला ठराव आला की हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजासाठी आणि देशासाठी लढणार नाही. २७५ विरुद्ध १५३ मतांनी पास झाला. चर्चिलपासून सगळ्यांनी आकाशपाताळ एक केलं. सहा वर्षांनी महायुद्ध लागलं आणि ऑक्सफर्डची पोरं रांगा लावून भरती झाली. वकील लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे पहिल्या फेरीत अनुकूल आणि फायनलला प्रतिकूल आली. होतंय असं."

उद्योजकता कक्षाचं वातावरण फारच प्रसन्न होतं. तिथं सगळे पदाधिकारीच होते. अकरा जण. एक सीईओ, दोन सहसंस्थापक, मार्केटिंग हेड, फायनान्स हेड, 'ग्रोथ' नावाच्या कशाचा तरी हेड, आणि एक मुलगी जिच्या पदाचं नाव दर बैठकीला बदलायचं पण चहा सांगण्याचं काम तिच्याकडंच राहायचं. सीईओ बी. कॉम. तिसऱ्या वर्षाला. गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, हातात लॅपटॉप अर्धवट उघडा, बुफेच्या ताटासारखा धरलेला. दूरचित्रवाणीवर शार्क टँक लागायला लागल्यापासून ही मुलं एकमेकांकडं दहा रुपये उसने मागतानाही आधी 'आस्क' काय आहे ते सांगतात.

त्यांची कल्पना होती भाकरीची. हॉस्टेलच्या मुलांना ॲपवरून गरम भाकरी. पहिल्या बैठकीत सीईओनं पडद्यावर आकडा दाखवला : भारताची लोकसंख्या १४० कोटी. त्यातल्या फक्त एक टक्का लोकांनी रोज फक्त एक भाकरी घेतली तरी १ कोटी ४० लाख भाकऱ्या. पंधरा रुपयाला एक धरली तरी रोजची उलाढाल २१ कोटी.

खोलीत शांतता पसरली. मी सुद्धा क्षणभर मनातल्या मनात फ्लॅट बदलला. मग विचारलं, "थापणार कोण?"

"व्हेंडर, सर."

"म्हणजे कोण?"

"व्हेंडर म्हणजे... ते ऑनबोर्ड करायचं असतं."

इथून वाद सुरू झाला, आणि वीस वर्षांत मंडळात मला जे कधी ऐकायला मिळालं नव्हतं ते मी इथं ऐकलं. खराखुरा वाद. समोरच्याचं वाक्य तोडून, टेबलावर हात आपटून, डोळ्यांत पाणी आणून. पहिल्या दोन बैठका भाकरी ज्वारीची असावी की जोंधळ्याची यावर गेल्या. ज्वारीवाल्यांचा गट शहरी ग्राहकाचा विचार करत होता, जोंधळ्याचा गट अस्सल चवीचा. फायनान्स हेडनं दोन्हींच्या वेगवेगळ्या किमतींचा तक्ताही केला होता. दुसऱ्या दिवशी चार वाजता चहा घेऊन आलेला कॅन्टीनचा मामा दारात जरा वेळ ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "दोनी एकच की रे पोरांनो." कुणी काही बोललं नाही. शेवटी ग्रोथ हेडनं विचारलं, "मग शाळू?" आणि तिसरी बैठक शाळूवर झाली.

नावावर तीन बैठका झाल्या. मराठी नाव ठेवलं तर गुंतवणूकदार येणार नाहीत, इंग्रजी ठेवलं तर भाकरी कळणार नाही. स्लाइडवर शेवटपर्यंत 'एक्सवायझेड' राहिलं. लोगोवर मात्र एकमत झालं, कारण तो गोल होता.

मी आपला मास्तरपणा करून त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. आमच्या जिल्ह्यातलीच आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईची मास्तरकी सोडून बेळगावला सायकलचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर केला. शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमीन विषारी होईल. पहिल्या नांगराला गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं लागली असं सांगतात. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला. पोरं चांगली भारावली होती. सीईओनं हात वर केला. "सर, दोन वर्षं सेल्स शून्य, तर मग फंडिंग कुणी केलं?" मी औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या जमिनीबद्दल सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं : 'राजा शोधणे.'

फेब्रुवारीत बिझनेस प्लॅन स्पर्धा होती. सहा संघ, प्रत्येकी पाच मिनिटं, मग परीक्षकांचे प्रश्न. परीक्षक म्हणून मी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्यांना बोलावलं. पांढरा लेंगा, टोपी, खिशाला एकच पेन. पोरांना वाटलं होतं सुटातला कुणी येईल. शेठ पहिल्या रांगेत बसले, चपला खुर्चीखाली नीट लावल्या आणि पहिल्या संघापासून एकच प्रश्न विचारायला लागले : "उधारी किती दिवसांची?"

ड्रोननं फवारणी करणाऱ्या संघाकडं उत्तर नव्हतं. सेंद्रिय साबणवाल्यांना प्रश्नच कळला नाही. तिसऱ्या संघाला त्यांनी विचारलं, "तुमचा हा सगळा माल ठेवलाय कुठं?" त्यांचा माल म्हणजे माहिती होती, पोरानं ऐटीत सांगितलं, "क्लाउडवर."

"म्हणजे वर?"

"हो."

"आमची हळद हरिपूरला पेवात असायची. जमिनीखाली." शेठ जरा थांबले. "पेवात पाणी शिरलं की काय होतंय ते आम्ही २००५ च्या पुरात बघितलंय. तुमच्यात पूर येतो का?"

मुलगा नाही म्हणाला, पण त्याचा आवाज बसला.

इकडं पडद्यामागं वेगळंच चाललं होतं. भाकरीवाल्यांचं अकरा जणांत बोलायचं कुणी यावर एकमत होईना. सीईओ म्हणाला मी, सहसंस्थापक म्हणाले सह म्हणजे बरोबरीनं. आदल्या रात्री साडेदहाला त्यांनी वकिलाला गाठलं. वकिलानं पाचशे रुपये मागितले, आगाऊ, रोख. घासाघीस करून बघितली, तो हलला नाही. कक्षाच्या त्या आठ महिन्यांत झालेला हा एकमेव आर्थिक व्यवहार, आणि त्यात पैसे मंडळाकडं गेले.

वकील व्यासपीठावर आला. अनुकूल बोलायचं ठरलं होतं, तो बोलला. सुरुवात 'शेतकरी', शेवट 'पणती'. भाकरीत त्यानं सह्याद्री आणला, जात्यावरची ओवी आणली, चंद्राला भाकरीची उपमा दिली. १४० कोटींच्या आकड्यावर हात वर गेला, थांबला आणि २१ कोटींवर खाली आला. सभागृह उठून उभं राहायचं तेवढं बाकी होतं. घंटा वाजवणारी आमचीच मुलगी होती. चौथ्या मिनिटाला तिनं सवयीनं इशारा दिला, पाचव्याला दुसरी. वकील दुसऱ्या घंटेच्या कंपनावर धन्यवाद म्हणाला.

टाळ्या थांबल्यावर शेठनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "छान बोललास. आता मला एवढं सांग, हा धंदा का चालणार नाही?"

त्यांचा हेतू सरळ होता. त्यांना वाटलं, पोरगं अडखळेल, मग आपण दोन गोष्टी समजावून सांगू. पण वकिलानं हा प्रश्न वेगळा ऐकला. त्याच्या कानाला ती दुसरी फेरी होती आणि चिठ्ठी प्रतिकूलची निघाली होती. त्यानं घंटेवाल्या मुलीकडं बघितलं, तिनं घड्याळ शून्यावर आणलं, आणि तो सुरू झाला.

"माननीय परीक्षक, हॉस्टेलला मुलं एकशेवीस. त्यातली सत्तर शनिवारी गावाला जात्यात आणि येताना आठवड्याची भाकरी बांधून आणत्यात. उरली पन्नास. माझी आई पहाटे चूल पेटल्यापासनं तासाला चाळीस भाकऱ्या थापती, आणि ती गावात एक नंबर आहे. चाळीस गुणिले पंधरा, सहाशे. पीठ काढा, गॅस काढा, थापणाऱ्या बाईची मजुरी काढा. पोचवणाऱ्या पोराचं पेट्रोल काढा. बॅगेत अर्धा तास ठेवली की भाकरीला घाम सुटतो आणि पापुद्रा खाली चिकटतो. गिऱ्हाईक फोन करणार, भाकरी वातड आहे. पैसे परत. थापणारी बाई पंचमीला माहेरी जाणार, वारीला पंढरपूरला जाणार, आणि सुगीत तर शंभर टक्के नसणार. त्या दिवशी ॲपवर काय दाखवायचं?"

यात कविता नव्हती, हात वर जात नव्हता. माझ्या वीस वर्षांतलं ते सगळ्यात चांगलं भाषण होतं आणि त्याच्या वहीत त्याची नोंद कुठल्याच साठ्यात नव्हती. चौथ्या मिनिटाला घंटा झाली. तो पूर्ण तोट्याचा आकडा सांगण्याच्या बेतात असताना पाचव्याची झाली, आणि इतक्या वर्षांच्या वळणानं तो आकडा तोंडातच ठेवून म्हणाला, "धन्यवाद."

मी पडद्याच्या बाजूला बघितलं. अकराच्या अकरा पदाधिकारी माना डोलवत होते. फायनान्स हेड मोबाईलवर गुणाकार करत होता. ग्रोथ हेड हळूच म्हणाला, "पॉइंट आहे त्याचा." आणि सीईओ, ज्याच्या डोळ्यांत मी सप्टेंबरपासून रोज २१ कोटी बघत होतो, तो सरळ व्यासपीठावर आला, वकिलाच्या हातातला माईक घेतला आणि जाहीर केलं की आम्ही हा प्रकल्प थांबवतोय.

शेठ निकालाला उठले तेव्हा सभागृह भरलेलंच होतं. नाश्ता निकालानंतर ठेवायचा हा नियम मी वकिलाकडूनच शिकलोय. शेठ फार बोलले नाहीत. म्हणाले, "आमच्या वडिलांच्या काळात यार्डात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा. तोंडातनं शब्द काढायचा नाही. तुम्ही पोरं लई बोलता. पण पहिला नंबर मी भाकरीला देतो. धंदा सुरू करणारे लई बघितले. सुरू व्हायच्या आधी, एवढ्या कमी तोट्यात बंद करणारे पहिल्यांदाच बघतोय." मग वकिलाकडं वळून विचारलं, "एकूण किती बुडाले रे?"

"पाचशे."

"कुणाचे?"

"ह्यांचे. माझ्याकडं आलेत."

बक्षीस तीन हजारांचं होतं. ते अकरा जणांत वाटताना प्रत्येकी २७२ रुपये ७२ पैसे आले आणि वरचे आठ पैसे कुणाचे यावर बैठक बोलावली गेली. बैठकीला मी गेलो नाही, पण तिचं इतिवृत्त माझ्याकडं आलंय. चार पानं आहे.

मार्चमध्ये अहवाल भरायला बसलो. उद्योजकता कक्षाच्या फॉर्मात रकाने होते : 'वर्षभरात घेतलेले उपक्रम', तिथं बैठका लिहिल्या. 'जिओटॅग छायाचित्रे', तिथं लोगो चिकटवला. मग आला तो रकाना : 'उपक्रमांतून विद्यार्थ्यांनी सुरू केलेले व्यवसाय – संख्या, वार्षिक उलाढाल, पुरावा'. मी बराच वेळ पेन धरून बसलो. शून्य लिहिलं तर प्राचार्य विचारणार. शेवटी वकिलाला बोलावलं.

"तुझी ती वही दे जरा. संख्येत एक लिहितो. प्रवासी स्वरूपाचा व्यवसाय, दुसरं वर्ष, उलाढाल तू सांग."

त्याला हे अजिबात विचित्र वाटलं नाही. "एकोणीस हजार चारशे, सर. खर्च जाऊन अकरा हजार नऊशे. म्हशीचा विमा त्यातनंच भरलाय." वही काढून टेबलावर ठेवली, पण हात वरून उचलला नाही. "पुराव्याला झेरॉक्स काढा, काय हरकत नाय. तेवढा परीक्षकांचा रकाना झाकून काढा. बाहेर गेला तर धंदा बसंल."

मी वही घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार पान लावत असताना झाकायच्या रकान्यावर सहज नजर टाकली. आमच्याच अंतर्गत स्पर्धेची ओळ होती. परीक्षकाच्या जागी माझं नाव, आणि पुढं बारीक अक्षरात : 'मराठीचे. शेवट ज्ञानेश्वर, हमखास. डोळे मिटून ऐकतात. साडेतीन मिनिटांनी आवाज चढवणे, नाहीतर गुण अंदाजे देतात.'

"साहेब, कागद लावू का त्यावर?" दुकानदारानं विचारलं.

मी म्हटलं नको, आणि काचेवर तिथं स्वतःचा अंगठा ठेवला.